पाणी उंबऱ्याला लागायची वाट पाहू नका

इंदूरमधल्या कृष्णपुऱ्यातल्या आणि कान्ह नदीकाठच्या सगळ्या रहिवाशांना हात जोडून विनंती आहे. रात्री मुसळधार पाऊस लागून राहिला आणि नदी चढू लागली, तर उजाडायची वाट न पाहता घराबाहेर पडा.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी सरस्वती नदी कान्हला मिळते. त्यामुळे आपल्याकडे पाऊस उघडला, तरी दोन्ही नद्यांचं वरचं पाणी मागाहून येत राहतं. ‘आता उघडलंय, काही होत नाही’ म्हणत थांबणं धोक्याचं आहे.

२२ ऑगस्ट २०२० आठवा. गणेश चतुर्थीचा दिवस होता. चोवीस तासांत इंदूरमध्ये १० इंचांहून जास्त पाऊस कोसळला. वर्षाच्या पावसाचा जवळपास चौथा हिस्सा! एवढा पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला, तर २५ कोटी लिटर पाणी होतं. शहरात सिमेंटखाली ते मुरणार कुठे? नाल्यांतून कान्हकडेच धावतं, आणि तिचे काठ आपण बांधकामांनी आवळून टाकलेत.

५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतल्या धरालीत डोंगरावरून आलेल्या खीरगंगेनं बघता बघता बाजार गाडला. तिथल्या अनेकांना पळायलाही वेळ मिळाला नाही. आपली कान्ह पावसावर चढते, थोडा तरी अवधी देते. तो सामान आवरण्यात घालवू नका. कागदपत्रं आणि औषधं आजच प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवा. निघताना मेन स्विच बंद करा, पण पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका. म्हातारी माणसं, लेकरं आधी बाहेर काढा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. दोन फूट पाण्यात मोटारही वाहून जाते. अडकलात तर ११२ लावा.

नगर निगमनं नाल्यांतला गाळ पावसाआधी काढलाच पाहिजे, आणि आपणही त्यात निर्माल्य, थर्माकोल, पिशव्या टाकणं आजपासून थांबवायला हवं.

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्याकडे लाउडस्पीकर आहेत, धावून जाणारी पोरं आहेत. पुराच्या रात्री वस्ती जागी करण्याचं काम अंगावर घ्या. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा: रात्री दोन वाजताही आमचं दार वाजवा.