साथी निहाल अहमद आणि आपला ‘दहा’चा हिशेब

2024 च्या विधानसभा निकालाच्या रात्री मोहल्ल्यामोहल्ल्यांत एकच विचारणा होती : आपले किती आले? 288 पैकी 10. 2019 मध्येही दहाच होते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के, सभागृहात साडेतीन. तिकिटं वाटणाऱ्या पक्षांना याचा जाब विचारायलाच हवा. पण हे दहा जण पाच वर्षं सभागृहात काय विचारतात, हे आपल्यापैकी किती जण पाहतात?

म्हणून मालेगावच्या निहाल अहमद यांची आठवण काढावीशी वाटते. 29 फेब्रुवारी 2016 रोजी ते गेले, आणि आज विशीत असलेल्या अनेकांना त्यांचं नावही ठाऊक नसेल. समाजवादी चळवळीतला माणूस, म्हणून ओळख अखेरपर्यंत ‘साथी’. 1978 पासून 1999 पर्यंत मालेगावने त्यांना सलग निवडून दिलं. पुलोद सरकारात ते मंत्री होते. डिसेंबर 1986 मध्ये शरद पवार काँग्रेसमध्ये परतले, तेव्हा विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद जनता पक्षाच्या निहाल अहमद यांच्याकडे आलं.

ते पद जेमतेम वर्षभर टिकलं, तरी आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. विरोधी पक्षनेत्याला फक्त वक्फ आणि उर्दू शाळांवर बोलून चालत नाही. कापसाचा भाव, दुष्काळ, वीज, पोलीस, सगळ्यावर सरकारला धारेवर धरावं लागतं. यंत्रमागांच्या मुस्लिमबहुल गावातला आमदार साऱ्या राज्याच्या वतीने बोलू शकतो, हे तेव्हाच्या सभागृहाने मान्य केलं होतं. आज आपणच आपल्या आमदाराकडून एवढी अपेक्षा ठेवत नाही! कब्रस्तानची भिंत आणि गल्लीतला रस्ता झाला की आपण खूश.

राज्याचं राजकारण करताना त्यांनी कौमचं दुःख झाकून ठेवलं असंही नाही. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर निषेधाची काळी पट्टी त्यांनी दंडावर बांधली आणि ती अखेरपर्यंत वागवली. समाजवादी असणं आणि मुसलमान असणं यांत त्यांना निवड करावी लागली नाही.

कौतुक इथवर. दीर्घ कारकीर्द म्हणजे आपोआप मोठं काम नव्हे, आणि दोन दशकं एकच आमदार असलेल्या शहराने त्याला विकासाचा हिशेब विचारणं रास्तच होतं. 1999 मध्ये मतदारांनी काँग्रेसच्या शेख रशीद यांना निवडलं. पुढे काय झालं? 2024 ला मालेगाव मध्यमध्ये एका बाजूला शेख रशीद यांचे पुत्र आसिफ शेख, दुसऱ्या बाजूला निहालसाहेबांची कन्या शान-ए-हिंद, आणि निवडून आले मौलाना मुफ्ती इस्माईल, अवघ्या 162 मतांनी. घराण्याबाहेरचा, यंत्रमागावर राबणारा एखादा तरुण या शर्यतीत कुठे आहे, हे कोणी विचारताना दिसलं नाही.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं आणि कामकाज पाहायला मिळतं. येत्या अधिवेशनात आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, किती तारांकित प्रश्न टाकले, किती लक्षवेधी मांडल्या, ते काढा. यादी हातात घेऊन त्याच्या कार्यालयात जा. चार-पाच जण गेलात तरी पुरे.