लेथला संगणक जोडा, व्याज जोडू नका

टर्निंगची छोटी कामे करणाऱ्या आमच्या कित्येक बांधवांच्या तोंडी एकच तक्रार असते : सीएनसीवाल्यांनी आमचे काम खाल्ले. तक्रार खोटी नाही. शंभर-दोनशे एकसारखे बुश हवे असले की गिऱ्हाईक संगणकावर चालणाऱ्या यंत्राकडे जाते. हाताच्या लेथकडे उरते ते एकटदुकट दुरुस्तीचे काम. मग कारागिराला दोनच वाटा दिसतात. व्याजाचे कर्ज काढून मोठे यंत्र आणायचे, नाहीतर मुलाला सांगायचे की बाबा, तू या धंद्यात पडू नकोस. आम्हास तिसरी वाट सुचवायची आहे, आणि तिच्यातले खड्डेही दाखवायचे आहेत.

बेंचवर मावणारा चिनी मिनी लेथ बाजारात अनेक नावांनी मिळतो. बेडवर साधारण १८० मिलिमीटर व्यास फिरतो, दोन सेंटरमध्ये ३०० ते ३५० मिलिमीटर लांबी बसते. याला संगणक जोडायचा म्हणजे कॅरेज आणि क्रॉस स्लाइड यांची हँडले काढून तेथे दोन स्टेपर मोटरी लावायच्या. हिशेब सोपा आहे. मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर त्या प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो, म्हणजे १६०० झाली. क्रॉस स्लाइडचा स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकत असेल तर एका पावलाला ०.००२५ मिलिमीटर, आणि जॉबच्या व्यासात त्याच्या दुप्पट. हा झाला कागदावरचा हिशेब.

कागद आणि लोखंड यांत फरक असतो, तो आम्ही आमच्याच लेथवर शिकलो. खर्च वाचवण्यासाठी आम्ही मोटरी नव्या लावल्या आणि स्क्रू-नट जुनाच ठेवला. पितळेची गोल मूठ वळवायला घेतली. गोलाईच्या ऐन पोटावर, जेथे बाहेर जाणारे टूल पुन्हा आत वळते, तेथे सपाट पट्टा उमटला. जुन्या नटातला प्ले! हाताने काम करताना आपण हँडल थोडे जास्त उलटे घेतो आणि मग पुढे आणून प्ले काढतो. मनगटाला ते कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाला मनगट नाही. प्रोग्राममध्ये प्लेचा आकडा भरता येतो, पण कापताना टूलच स्लाइडला ओढू लागले तर तो आकडा उपयोगी पडत नाही. उपाय एकच, बॉल स्क्रू. कॅरेजला १६ मिलिमीटर जाडीचा बसतो. क्रॉस स्लाइडखाली जागा कमी, तेथे १० किंवा १२ मिलिमीटरचा घ्यावा लागतो आणि तरीही सॅडल थोडे मिलिंग करून घ्यावे लागते. पट्टा दिसत असूनही 'चालून जाईल' म्हणून तसा माल देणारे आहेत. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांना चिलखताच्या कड्यांचे मापसुद्धा नीट राखण्याची ताकीद होती, एवढेच त्यांना आठवून देतो.

मोठा जॉब टूलखाली अडकला तर स्टेपर पावले चुकवतो आणि संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. वीज गेली की जागेचा हिशेबही जातो. म्हणून दोन्ही स्लाइडना होम स्विच बसवावेत आणि वीज आल्यावर आधी टूल तेथे नेऊन मगच काम सुरू करावे. आटे कापायचे असतील तर स्पिंडलवर एन्कोडर हवाच, नाहीतर दुसऱ्या कटाला टूल आट्याच्या दरीत न पडता भिंतीवर पडते.

प्रोग्रामविषयी मुद्दाम सांगतो. विकतचे सॉफ्टवेअर चोरून वापरण्याची आपल्याकडे कोणाला लाज वाटेनाशी झाली आहे. येथे त्याची गरजच नाही. 'लिनक्ससीएनसी' हा कार्यक्रम फुकट आणि खुला आहे. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात जे काम झाले त्यातून तो वाढला. प्रिंटर पोर्ट असलेला जुना टेबलावरचा संगणक त्याला चालतो. लॅपटॉप मात्र घेऊ नये. वीज वाचवण्याच्या त्याच्या सवयीमुळे मोटरींना वेळेवर इशारा मिळत नाही.

आता धंद्याचे बोलू. हा छोटा लेथ हलका आहे, खोल कट घेत नाही, मोठ्या कारखान्याच्या यंत्राशी तो टक्कर देईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पितळ, ॲल्युमिनियम, नायलॉन यांचे पन्नास-शंभर नग, टेपर, गोलाई हे त्याचे काम. एकच पिन करायची असेल तर प्रोग्राम लिहिण्याआधी हाताच्या लेथवर ती होऊनही जाते. आणि हँडले एकदा काढली की हाताने काम करणे अवघड होते. म्हणून ज्याच्याकडे एकच लेथ आहे त्याने तो उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याने शेजारच्या कारागिराशी भागीदारी करावी. एकाचा लेथ, दुसऱ्याचे सामान, नफा ठरल्या हिश्शाने आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे. सामानही एकदम घ्यावे लागत नाही. या महिन्यात स्क्रू, पुढच्या महिन्यात मोटरी. मोठ्या यंत्राचा हप्ता असा थांबत नाही, काम असो वा नसो.

मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारांचे काम सरले तेव्हा त्यांनी तोच हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला, आणि आज मिरजेचे नाव तंबोऱ्यासाठी घेतात. आमच्या टर्नरला तर हातातले लोखंडही सोडायचे नाही.

घरात हे काम करणाऱ्यांना एक सांगणे. लाल बटणाची तार थेट मोटरींची वीज तोडणारी असावी, संगणकाच्या मर्जीवर ते बटण ठेवू नये. धातूचा बुरादा ड्रायव्हरच्या पेटीत गेला तर शॉर्ट होतो, म्हणून पेटी बंद हवी आणि अर्थिंग पक्के हवे. कुर्त्याची सैल बाही, ओढणी, लहान मुलाचा हात यांची यंत्राला ओळख नसते. प्रोग्राम सुरू केल्यावर चक कोणाची वाट पाहत नाही. चकवर झाकण बसवा, आणि झाकण उघडे असताना स्पिंडल फिरणार नाही असा स्विच त्याला लावा. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त तोच असतो, आणि बहुतेक जण तोच लावायचा ठेवून देतात.