सगळ्यात मोठी फाईल सगळ्यात आधी

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू असताना एक बॅटरी पेटली आणि शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. बऱ्याचशा सेवा हळूहळू पुन्हा उभ्या राहिल्या. जी-ड्राइव्ह मात्र गेली ती गेलीच. कामाच्या फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता इथेच ठेवा, असं कर्मचाऱ्यांना सांगून २०१८ पासून चालवलेली ही साठवण होती. एकूण ८५८ टेराबाइट. बाहेर कुठेही दुसरी प्रत नव्हती, आणि अधिकाऱ्यांनी त्याचं कारण दिलं ते असं: साठा फार मोठा होता, त्यामुळे बाहेर बॅकअप ठेवता येत नव्हता.

हे कारण आपल्याकडेही रोज ऐकू येतं. सीएंच्या ऑफिसात, ट्रान्सपोर्टवाल्यांकडे, वकिलांच्या चेंबरमध्ये. "बाकी सगळ्याचा बॅकअप आहे हो सर, तेवढी ती एक फाईल फार मोठी आहे, आणि सारखी बदलते." पण फाईल मोठी का झाली? कारण सगळं काम तिच्यात साठलं. सारखी का बदलते? कारण आजचं काम तिच्यातच चाललंय. म्हणजे जी गेली तर ऑफिस बंद पडेल, नेमकी तीच आपण यादीतून वगळतो.

आउटलुकचंच घ्या. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एका पीएसटी फाईलमध्ये साठत जातो. जुन्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. आउटलुक २०१० पासून ती ५० जीबीपर्यंत वाढू शकते. सकाळी दोन ओळींचा एक मेल आला, की कॉम्प्युटरच्या लेखी ती अख्खी फाईल बदलली. त्यात ती दिवसभर उघडी. साधा कॉपी करणारा प्रोग्राम दुपारी तिच्यापाशी येतो, ती वापरात आहे असं बघून पुढे सरकतो आणि शेवटी अहवालात लिहितो, हजारो फायली कॉपी झाल्या, एक वगळली. काम झालं असं समजून विंडो बंद केली जाते. वगळलेल्या त्या एका फाईलचं नाव वाचायला कुणी थांबत नाही.

पेन ड्राइव्हवर टाकायला जावं तर दुसरीच अडचण. बरेचसे पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात, आणि तिथे ४ जीबीहून मोठी फाईल मावतच नाही. ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि पूर्ण रिकामा असला तरी. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की काम होतं. पण हे माहीत नसल्यामुळे 'जागा पुरत नाही' असं समजून तो नादच सोडून दिला जातो.

हिशेबाच्या टॅली प्रोग्रामचं दुखणं वेगळं. तिथे कंपनीच्या आकडी नावाच्या फोल्डरमध्ये अनेक फायली असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून असतात. चार जण व्हाउचर टाकत असताना कुणी ते फोल्डर उचलून कॉपी केलं, तर काही फायली एका क्षणाच्या आणि काही पुढच्या क्षणाच्या, अशी प्रत तयार होऊ शकते. दिसायला पूर्ण, पण भरवशाची नाही. चालू फायलींची एकाच क्षणाची प्रत धरून ठेवणारी शॅडो कॉपी नावाची सोय विंडोजमध्ये आहे, आणि चांगले बॅकअप प्रोग्राम ती वापरतात. तरी हिशेबाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: सगळ्यांनी टॅलीतून बाहेर पडावं आणि टॅलीतल्याच बॅकअपच्या सोयीने प्रत घ्यावी.

आता आकाराचा प्रश्न, कारण तो खोटा नाही. २० जीबीची फाईल १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवरून न्यायला, सगळं सुरळीत असलं तरी, २७ मिनिटं लागतात. १० एमबीपीएसच्या अपलोडने क्लाउडवर चढवायची तर जवळपास साडेचार तास. महिन्याचे २६ दिवस रोज अख्खी प्रत ठेवली तर ५२० जीबी. आणि दिवसभरातला खरा बदल काही एमबीचा!

यावरचा उपाय जुना आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक हा प्रोग्राम लिहिला. फाईलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावरून आकडेमोड करून एक छोटी खूण काढायची, दोन्हीकडच्या खुणा ताडून बघायच्या आणि जुळत नाही तेवढंच पाठवायचं. मधेच चार अक्षरं घुसून पुढचा मजकूर सरकला, तरी जुने तुकडे नव्या जागी ओळखता येतात, ही त्यातली खरी हुशारी. आजचे अनेक बॅकअप प्रोग्राम याच विचारावर चालतात. मात्र खोक्यावर नुसतं 'इन्क्रिमेंटल' लिहिलेलं पाहून विसंबू नका. काही प्रोग्राम बदललेली फाईल अख्खीच उचलतात. 'ब्लॉक लेव्हल' आहे का, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. आणि पाठवण्याआधी फाईल पासवर्ड घालून झिप करायची सवय सोडा. तसं केलं की आत एक आकडा बदलला तरी बाहेरचे बहुतेक तुकडे बदलतात आणि ही सगळी युक्ती पाण्यात जाते. आकार कमी करणं, कुलूप घालणं हे त्या प्रोग्रामकडेच सोपवावं. पीएसटीच्या बाबतीत तर जुनी वर्षं वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवता येतात. ती पुन्हा बदलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या दोन प्रती नीट करून ठेवल्या की रोजचं ओझं उतरतं.

रोज त्याच नावावर नवी प्रत चढवणं मला बॅकअप न घेण्याइतकंच धोक्याचं वाटतं. मंगळवारी फाईल आतून बिघडली आणि शुक्रवारी कळलं, तर मधल्या तीन रात्री बिघडलेली फाईल चांगल्या प्रतीवर चढलेली असते. सिंक होणाऱ्या फोल्डरचंही तेच, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात हे तपासल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर पसरलं तेव्हा जहाजवाहतुकीतल्या मर्स्क समूहाचं न्हावा-शेव्यातलं टर्मिनलही ठप्प झालं. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे जगभरातले सर्व्हर एकमेकांशी सतत जुळवून घेत होते, तीच त्यांची दुसरी प्रत मानलेली. आणि ते सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती. वायर काढून कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क हवी ती यासाठी.

कायद्यानेही आता पळवाट ठेवलेली नाही. कंपनी (लेखा) नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप पूर्वी ठरावीक काळाने ठेवायचा होता, तो आता भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. नियम कंपन्यांपुरता आहे, पण भागीदारीतल्या पेढीची वसुली हिशेब गेल्यावर काही वेगळ्या रीतीने बुडत नाही.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. बॅकअपचं काम बहुतेक ठिकाणी अकाउंटंटच्या गळ्यात पडतं, तेही ऑफिस सुटल्यावर, लोकल गाठायच्या घाईत. तिने सगळ्यांना टॅली बंद करायला सांगावं तर साहेबच आणखी एक बिल टाकत बसलेले. त्यांना कोण उठवणार? ती गप्प राहते आणि त्या दिवशीची प्रत राहून जाते. पुढे काही झालं की बोलणी मात्र तिलाच. ही वेळ मालकाने ठरवून द्यायला हवी. पावणेसहाला सगळे टॅलीतून आणि आउटलुकमधून बाहेर, मालकासकट, आणि ती पंधरा मिनिटं पगाराच्या वेळेतली.

दर महिन्याला वीस तारखेचं जीएसटीचं रिटर्न भरून झालं, की बॅकअपची प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून उघडायची. ट्रायल बॅलन्स काढून चालू टॅलीशी ताडायचा. पीएसटीमधून दोन वर्षांपूर्वीच्या मेलची एखादी अटॅचमेंट उघडून बघायची. ऑडिटला येणाऱ्या सीएंनीही 'बॅकअप घेता ना?' एवढं विचारून पुढे जाऊ नये. परत उतरवलेल्या प्रतीतला ट्रायल बॅलन्स त्यांनी समोर बसून काढून घ्यावा.