मागच्या चाकाचा हिशेब

सिमेंट, फरशी, लोखंडी सळई किंवा नळाचे साहित्य विकणाऱ्या दुकानापुढे आज बहुधा स्वतःची एक पिकअप उभी असते. सकाळी माल भरायचा, दोन-तीन गिऱ्हाइकांच्या कामावर उतरवायचा आणि दुपारी परतायचे, हा तिचा नित्यक्रम. अलीकडे त्यात एका कामाची भर पडली आहे. दुकानदार काँक्रीटचा मिक्सरही भाड्याने देतो आणि सिमेंट पोचवणारी पिकअपच तो मिक्सर मागे जोडून ओढून नेते. मांडववाले जनरेटरची गाडी अशीच नेतात. फेरी एक, डिझेल एकदाच, ड्रायव्हर एकच. व्यवहाराच्या दृष्टीने हे सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु या सोयीचा भार नेमका कोठे पडतो, याचा विचार टायर बदलण्याच्या दिवशी क्वचितच होतो.

टायर बदलण्याचा निर्णय बहुतेक पेढ्यांत ड्रायव्हर आणि टायरवाला मिळून पाव तासात उरकतात. मालकाला फोन येतो तो फक्त किमतीसाठी. कोणत्या कंपनीचा, किती किलोमीटर चालेल, उधारी किती दिवसांची, एवढे प्रश्न विचारले जातात. हा टायर किती किलो पेलेल, हा प्रश्न मात्र राहून जातो. तराजूवर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्याकडूनही तो राहून जावा, हे नवल आहे; कारण त्याचे उत्तर टायरवरच छापलेले असते.

समजा, टायरच्या बाजूवर १९५/८० आर १५ एलटी १०६/१०४ एस अशी अक्षरे आहेत. १९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ‘एलटी’ ही दोन अक्षरे हलक्या मालवाहू गाडीचा टायर असल्याची खूण होत. येथवरचे सारे टायर गाडीला बसेल की नाही, एवढेच सांगते. तो काय पेलेल हे सांगतो तो पुढचा बारीक अंक. त्याला भारांक म्हणावे. १०६ म्हणजे १०६ किलो नव्हे. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे १०६ म्हणजे ९५० किलो. १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५ आणि १०८ म्हणजे १,००० किलो. दोन अंकांपैकी पहिला एका बाजूस एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकांच्या प्रत्येक टायरचा. शेवटचे ‘एस’ हे अक्षर वेगाचे. त्याची मर्यादा ताशी १८० किलोमीटर, जी मालाच्या पिकअपला कधी लागूच नये.

भारांकाशेजारी पुष्कळदा ‘८ पीआर’ असेही लिहिलेले आढळते. पूर्वी टायरच्या अंगात सुती कापडाचे थर घालीत आणि थर जितके अधिक तितका टायर दणकट. आजच्या टायरमध्ये तेवढे थर नसतात. आठ सुती थरांच्या तोडीची ताकद, एवढाच त्या आकड्याचा अर्थ उरला आहे. टायरवाल्याच्या तोंडी हाच आकडा अधिक असतो. तो उपयोगी आहे, परंतु त्यातून किलो कळत नाहीत. किलोसाठी भारांकच पाहावा.

आता गाडीचा हिशेब मांडावा. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही. गावाबाहेरचा वजनकाटा पुरे. नेहमीचा माल भरून गाडीचे एकूण वजन करावे, आणि मग पुढची चाके काट्याबाहेर सपाट जमिनीवर ठेवून फक्त मागच्या चाकांचे वजन घ्यावे. समजा, मागच्या आसावर १,९०० किलो भरले. म्हणजे प्रत्येक चाकावर ९५०. टायर १०६ अंकाचा असेल तर तो अगदी काठोकाठ भरला. एक किलोचीही सवड उरली नाही.

याच गाडीला आता मिक्सर जोडावा. मिक्सरचे वजन ७०० किलो धरले, तर ते सारे पिकअपवर येत नाही; बहुतांश त्याच्या स्वतःच्या चाकांवर राहते. परंतु त्याची दांडी हुकावर जी टेकते, ती काही भार देतेच. ओढायच्या गाडीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याहून फार कमी आला तर मागची गाडी रस्त्यावर डुलू लागते. दहा टक्क्यांनी हुकावर ७० किलो आले. येथे तरफेचा न्याय लागू होतो. हुक मागच्या आसाच्याही मागे असतो. पुढच्या-मागच्या आसांतील अंतर तीन मीटर आणि हुक मागच्या आसापासून सव्वा मीटरच्या आसपास धरला, तर हुकावरचे ७० किलो मागच्या आसावर सुमारे १०० किलो होऊन बसतात, आणि पुढच्या आसावरचे सुमारे ३० किलो उचलले जातात. १,९०० चे २,००० झाले. प्रत्येक चाकावर १,००० किलो. म्हणजे १०८ अंकाच्या टायरचे काम १०६ करीत आहे. पुढची चाके तेवढीच हलकी झाल्याने स्टिअरिंगही सैल वाटू लागते, हा वेगळा तोटा.

हे शंभर किलो म्हणजे सिमेंटच्या दोन पिशव्या. मिक्सर न्यायचा असेल त्या फेरीत दोन पिशव्या कमी भरल्या की जुन्या ठिकाणी आलो. चार कमी भरल्या तर थोडी सवडही मिळाली. सवड हवीच, कारण वरचा हिशेब दोन्ही चाकांवर भार सारखा धरून केला आहे. प्रत्यक्षात फरशी एका कडेला रचलेली असते, रस्ता एका बाजूला कललेला असतो, आणि खड्ड्यात एकच चाक जाते. माल भरताना जड वस्तू मागच्या आसाच्या पुढे, केबिनकडे घ्यावी. शहाबादी फरशी उतरवायला सोपी म्हणून अगदी फाळक्याशी रचण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. वजन तेच राहते, पण मागच्या चाकाला ते अधिक होऊन लागते.

भारांक मोठा घेतला म्हणजे माल अधिक भरण्याची परवानगी मिळाली, असे मात्र नाही. टायर, पाटे, आस, ब्रेक या साखळीतील एकच कडी त्याने मजबूत झाली. कायद्यानेही या गोष्टींची सांगड घातली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५८ व्या कलमात मालवाहू गाडीचे कमाल एकूण वजन आणि प्रत्येक आसावरचे सुरक्षित वजन ठरवताना टायरांची संख्या, प्रकार व आकार विचारात घेण्याची तरतूद आहे. नोंदणीच्या नमुन्यातही टायरच्या आकाराला स्वतंत्र रकाना आहे. म्हणून भलत्या आकाराचा टायर हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. अतिरिक्त भारासाठी १९४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तेथेच उतरवण्याचा खर्च मालकाचाच. मागे काही जोडून ओढण्याची जोखीम विम्यात धरली आहे का, हेही विमा कंपनीला लेखी विचारून ठेवावे.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण हा एक सांगितला आहे, हे बहुतेक घरांत लहानपणीच ऐकलेले असते. तो मुक्या जनावराच्या पाठीपुरता समजला जातो. बैलगाड्या गेल्या आणि तो दोष आपल्या धंद्यातून आपोआप निघून गेला, अशी समजूत करून घेणे सोपे आहे. पण जादा भरलेल्या पिकअपच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बसलेला असतो, आणि बहुधा मालाच्या ढिगावर एक-दोन हमालही. बैल निदान अडून बसे. टायर अडून बसत नाही. तो तापतो, आतून उसवतो, आणि एखाद्या दुपारी उतारावर फुटतो.

आता रुंद टायरच्या मोहाविषयी. शिरोळकडच्या एखाद्या दुकानात असा संवाद सहज घडावा. ड्रायव्हर टायरवाल्याकडून फोन करतो, “अण्णा, हे म्हणत्यात, थोडा रुंद टायर बसतोय. गाडी दणकट दिसंल, वजनाला पण बरा.”

“नंबर काय त्याचा?”

“दोनशे पस्तीस, पंचाहत्तर.”

“तो नव्हे रे. त्याच्या पुढचा बारीक अंक वाच.”

“एकशे पाच हाय, अण्णा.”

येथे गल्लत उघडी पडते. २३५/७५ आर १५ या आकाराचा प्रवासी गाडीचा टायर बाजारात १०५ अंकाचा मिळतो. दिसायला तो १९५ पेक्षा चांगला चार सेंटिमीटर रुंद. पेलायला मात्र ९२५ किलो, म्हणजे मालवाहू बांधणीच्या १०६ पेक्षा २५ किलो कमीच. अमेरिकेत पिकअपमागे बोटी आणि राहण्याच्या गाड्या ओढण्याचा प्रघात मोठा आहे. तेथील नियमांत तर प्रवासी बांधणीचा टायर पिकअपला लावायचा असेल तर त्याच्या भारक्षमतेला १.१० ने भागण्याची अट आहे. त्या हिशेबाने ९२५ चे सुमारे ८४० उरतात. तेथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरचा आकार आणि हवेचा दाब छापलेला असतो. आपल्याकडेही गाडीच्या पुस्तिकेत व बहुधा गाडीवरच्या पट्टीवर तो असतो. टायरवाल्याच्या शब्दाआधी ती पट्टी वाचावी.

रुंदीबरोबर उंचीही बदलते, आणि ओढण्याच्या कामात तिचा तोटा अधिक आहे. १९५/८० आर १५ टायरचा बाहेरचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. हा जवळजवळ सहा टक्के फरक आहे. चाक मोठे झाल्याने प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो आणि रस्त्यावर मिळणारी ओढ कमी होते. सपाटीवर ते जाणवणार नाही. भरलेली गाडी मिक्सरसह आंबा घाट चढू लागली की जाणवेल. दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिल्यावर येईल आणि क्लच लवकर झिजेल. उतरताना त्याच ब्रेकला मोठे चाक थांबवावे लागते. वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी सुमारे ६३ ने धावत असते. हे सारे ‘दणकट दिसंल’ या एका शब्दासाठी.

तेव्हा निवड अशी करावी: आकार कारखान्याने दिला तोच, बांधणी मालवाहू गाडीची, आणि त्या आकारात मिळेल तो वरचा भारांक. पाच-पंचवीस किलोंच्या सवडीसाठी थोडी किंमत जास्त पडली तरी पडू द्यावी. एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन असा संसार मांडू नये. दोघांची चाल निराळी असते. टायर कधी तयार झाला तेही पाहावे. बाजूवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीत देऊ केलेला टायर पुष्कळदा याच अंकामुळे सवलतीत असतो.

यानंतरही भारांक कागदावरच राहील, जर हवा नीट नसेल. ९५० किलो हा आकडा पूर्ण ठरलेल्या दाबालाच खरा आहे. रिकाम्या गाडीत बसायला बरे वाटते म्हणून ड्रायव्हर दाब दहा पौंड उतरवतो आणि त्याच दाबावर दुसऱ्या दिवशी दीड टन माल चढतो. कमी हवेचा टायर फिरताना सारखा दबतो, दबण्याने तापतो, आणि टायरचा खरा वैरी उष्णताच आहे. हवा सकाळी, गाडी हलण्यापूर्वी तपासावी. दुपारी वाटेत तपासली तर दाब वाढलेला दिसणारच. जास्त झाली म्हणून ती सोडून देणे ही नेहमीची चूक. दुकानात शटर उघडताना होणाऱ्या कामांत दाबमापक लावण्याचे दोन मिनिटांचे काम घातले, तर वर्षाकाठी टायरच्या खर्चातच त्याची भरपाई होते.

मिक्सरच्या स्वतःच्या चाकांकडे तर कोणी पाहतच नाही. तेथे बहुधा मोटारीचे टाकून दिलेले टायर बसवलेले असतात. बाजूला भेगा, हवा अंदाजे. ते यंत्र कामाच्या जागेवर सरकवण्यासाठी केलेले, महामार्गावर पिकअपच्या वेगाने पळवण्यासाठी नव्हे. ते जोडलेले असताना वेग किती असावा हे ड्रायव्हरच्या मर्जीवर न सोडता मालकाने सांगून ठेवावे, आणि उशीर झाला तर बोलू नये.

स्टेपनीचाही एक प्रश्न उरतो. मागचे दोन टायर नवे १०८ अंकाचे घेतले आणि स्टेपनीला जुना, झिजलेला १०० अंकाचा राहू दिला, तर पंक्चरच्या दिवशी उरलेला सारा प्रवास त्या जुन्यावरच होतो, आणि तोही भरल्या गाडीने. नवे टायर घेताना तिसऱ्याची किंमत त्याच बिलात धरावी. तिसरा आज परवडत नसेल, तर जुन्यांपैकी जो भारांकात बसतो तोच स्टेपनीला ठेवावा, आणि त्याचा अंक ड्रायव्हरला दाखवून द्यावा.