आधी उतरवा, मग सजवा

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे व्हिडिओवाले जरा दम खातात. मुहूर्त थांबलेले, गिंबल कपाटात, रखडलेले आल्बम एकदाचे प्रिंटला गेलेले. काउंटरवर नेमकी याच दिवसांत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली व्हीएचएस कॅसेट येते. ‘‘काका, आईबाबांच्या लग्नाची आहे. मोबाइलवर दिसेल अशी करून द्याल ना?’’ बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, ‘‘ठेवून जा, संध्याकाळी या.’’

‘संध्याकाळी या’ हे उत्तर या धंद्याने आता सोडायला हवं.

तीन तासांची ई-१८० कॅसेट उतरायला तीन तासच घेते. त्यात आधीची तपासणी, एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळणं, हेड साफ करणं आणि चालू असताना कोणीतरी समोर बसणं धरलं, तर एका कॅसेटमागे अर्धा दिवस सहज जातो. संध्याकाळी परत मिळणारी कॅसेट बहुधा कोणी न बघता चाललेली असते. दर लावताना हा अर्धा दिवस हिशेबात धरावा आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगावं. कारण कळलं की माणसं थांबायला तयार होतात.

मशीन आत काय करतं हे आठवलं की घाई आपोआप कमी होते. अर्धा इंच रुंदीची टेप सेकंदाला साधारण २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे गोगलगायीची चाल. तिला चाटून फिरणारा हेडचा ड्रम मात्र मिनिटाला १,५०० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात दोन हेड मिळून एक फ्रेम वाचतात, तिरक्या रेघांमध्ये. एका हेडवर घाण बसली की अर्धं चित्र गेलंच. शिवाय जीर्ण टेप मशिनमधून किती वेळा नीट निघेल याची खात्री नसते, त्यामुळे पहिली चाल हीच शेवटची समजून तयारी करावी.

दैवाची थट्टा अशी की धंद्याला सवड पावसाळ्यात आणि टेपचे हालही पावसाळ्यातच. कोकणातल्या घराच्या माळ्यावर वीस-पंचवीस पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पूड किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट रोजच्या मशिनमध्ये घालायचीच नाही. बुरशी हेडवर बसते आणि तिथून दुसऱ्याच घरच्या बारशाच्या कॅसेटमध्ये शिरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत काही दिवस ठेवून टेप कोरडी होऊ द्यावी. उन्हात ठेवू नये, हेअर ड्रायर तर हातातही घेऊ नये. सफाई मास्क लावून, कामाच्या खोलीबाहेर, त्यासाठीच वेगळ्या काढलेल्या मशिनवर करावी. आणखी एक, अगदी साधी गोष्ट: कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची टिकली शाबूत असेल तर चालवण्यापूर्वी ती मोडावी. घाईत रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर मंगलाष्टकांच्या जागी निळा पडदा उरेल, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

जेव्हीसीने १९७६ मध्ये जपानमध्ये आणलेल्या व्हीएचएसची मशिनं शेवटपर्यंत बनवत राहिली ती फुनाई ही कंपनी. जुलै २०१६ मध्ये तिनेही उत्पादन थांबवलं. आदल्या वर्षी तिचे साडेसात लाख व्हीसीआर विकले गेले होते, पण सुटे भाग मिळणं अवघड होऊन बसलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय टेपांसाठी २०२५ ही मुदत सांगून ठेवली होती. त्या वर्षी टेपा पुसल्या जातील असा तिचा अर्थ नव्हता. चालू मशिनं आणि ती दुरुस्त करणारे हात तोवर फार थोडे उरतील, हा होता. तेव्हा भंगारात निघालेला व्हीसीआर दिसला तर उचलून आणावा, आणि गावात पट्टे, पिंच रोलर बदलणारा जुना मेकॅनिक असेल तर त्याच्या हाताखाली एक पोरगा बसवावा.

आता जोडणीचं. स्वस्त यूएसबी डोंगल थेट व्हीसीआरला लावलं की डळमळीत सिग्नलवर फ्रेम गळतात आणि तासाभरात आवाज ओठांपासून सुटतो. मधे टाइम बेस करेक्टर हवा. तो परवडत नसेल तर पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडून सिग्नल त्यांच्यातून नुसता पार करावा. डिस्क बनवायची नाही, चित्र सरळ करून घ्यायचं. पालचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला ५० फील्ड, तसंच्या तसं लॉसलेस एफएफव्ही१ मध्ये ठेवलं तर तासाला साधारण ३०-४० जीबी लागतात. हीच मास्टर फाइल. मोबाइलसाठीची हलकी फाइल तिच्यातून नंतर काढावी. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर काम आणखी सोपं: फायरवायरने तासाला सुमारे १३ जीबीचा मूळ डेटाच मिळतो. तिलाही पिवळ्या वायरने उतरवणारे आहेत, ते मात्र हातचं घालवतात.

अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते, तिच्यासाठी ती पद्धत चालवणारं मशीन लागतं. दोन हजारच्या दशकात डीव्हीडीवर उतरवून घेतलेल्यांनी मूळ टेप जपली असेल, तर टेपच पुन्हा उतरवावी. डीव्हीडीचं चित्र मुळात दाबलेलं आणि घरी लिहिलेल्या डिस्कचा थरही कालांतराने खराब होतो.

खरं पाप घडतं ते यापुढे. डीइंटरलेस करताना ५० फील्डचे २५ फ्रेम केले की वरातीतल्या नाचाची लय अर्धी होते. ५० फ्रेम ठेवावेत. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, ते उलटं धरलं की माणसं थरथरत चालतात. ४:३ चं चित्र ओढून पूर्ण टीव्ही भरणारे नवरीच्या बापाला विनाकारण जाड करतात. हल्लीची खोड एआयची. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील असतो. जो तपशील टेपवर नाही तो एआय अंदाजाने रंगवतो. गुळगुळीत झालेला तो चेहरा आजीचा नसतोच.

आणि गाणी. त्या काळच्या मिक्सरवर केलेली फुलं, हृदयं, बदामात दिसणारा नवरदेव हे सगळं राहू द्यावं. आज हसू येतं, पण त्या धंद्याचा तोच इतिहास आहे. वर नवीन गाणं मात्र चढवू नये. न कापलेली कॅमेऱ्याची टेप मिळाली तर तिच्यात अंतरपाटामागचा गलका असतो, कोणी अक्षता वाटल्या का म्हणून ओरडत असतं. घरचे लोक फाइल पहिल्यांदा बघतात तेव्हा चित्राआधी आवाजाने रडतात, हे काउंटरमागच्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. लग्न संपलं म्हणून टेप थांबवूही नये. पुढे कोऱ्या पट्ट्यानंतर पाच मिनिटांचा गणपती, बाळाचं पहिलं पाऊल किंवा दूरदर्शनच्या बातम्या निघतात. शेवटच्या फुटापर्यंत चालवावी.

काम झालं की मूळ कॅसेट गिऱ्हाइकाला परत, उभी ठेवायला सांगून, आणि मास्टर फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. नुसता पेन ड्राइव्ह देऊन मोकळं होऊ नये. कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा असतो. जुन्या नवरीची गंमत म्हणून इन्स्टाग्रामवर रील टाकण्यापूर्वी त्या घराला विचारावं.

राहिला तो स्टुडिओचाच माळा. १९८५ ते २००५ या काळात शूटिंग केलेल्या किती घरांच्या मास्टर कॅसेट्स अजून तिथे पडून आहेत, ते धुळीत हात घातल्याशिवाय कळणार नाही. वहीतले फोन नंबर बदललेले असतील, पण गावात विचारलं तर घर सापडतं. तुळशीच्या लग्नापर्यंत निदान यादी करावी आणि त्या घरांना एकेक फोन लावावा.