स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस, तरी मीटिंग अडकते! नेट नेमकं कुठं गंडतंय हे घरबसल्या कसं पकडायचं?

सीन असाय. संध्याकाळचे सात वाजलेत. पुण्यात घरून काम करणारा एक कार्यकर्ता लंडनच्या क्लायंटसोबत मीटिंगला बसलाय. समोरच्याचा चेहरा मध्येच थिजतो, आवाज तुटतो, दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. गडी वैतागून स्पीड टेस्ट मारतो. काटा थेट १०० एमबीपीएसवर. कस्टमर केअरला फोन लावला तर उत्तर ठरलेलं, "सर, आमच्याकडून नेट ओके दिसतंय."

आता यात खोटं कोण बोलतंय?

तर कुणीच नाही. स्पीड टेस्टही खरी, कस्टमर केअरही खरं आणि अडकलेली मीटिंगही खरी. गडबड एवढीच आहे की तिघंही वेगवेगळ्या रस्त्यांबद्दल बोलतायत.

स्पीड टेस्टचं ॲप शक्यतो तुमच्या जवळचा सर्व्हर निवडतं. बऱ्याचदा तो तुमच्याच शहरात असतो, कधी कधी तर तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये. म्हणजे तुम्हाला जायचंय लंडनला आणि तुम्ही तपासताय स्वारगेटपर्यंतचा रस्ता. तो मोकळाच असणार ना भावा.

हा सगळा विषय सप्टेंबर २०२५ मध्ये लय मोठ्या पातळीवर दिसला होता.

६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात, सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ समुद्राखालच्या इंटरनेट केबल तुटल्या. त्यात सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबलची नावं पुढं आली. या दोन्ही केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. नेटवर लक्ष ठेवणाऱ्या नेटब्लॉक्स या संस्थेनं भारत आणि पाकिस्तानसह अनेक देशांत परिणाम झाल्याचं सांगितलं. एखाद्या जहाजाचा नांगर समुद्रतळावर घासत गेला असावा, असा अंदाज केबल क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी व्यक्त केला.

त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं आपल्या अझूर सेवेबद्दल जे सांगितलं ते महत्त्वाचंय. सेवा बंद पडली असं त्यांनी म्हटलं नाही. मध्यपूर्वेतून जाणाऱ्या ट्रॅफिकची लेटन्सी वाढू शकते, असं सांगितलं.

म्हणजे नेट चालू होतं, फक्त लांबच्या रस्त्यानं फिरून येत होतं.

लेटन्सी म्हणजे काय, ते एसटीच्या भाषेत समजून घ्या

स्वारगेटहून साताऱ्याला जाणारी एसटी डोळ्यासमोर आणा. गाडीत किती सीट आहेत, तो झाला स्पीड. गाडी साताऱ्याला जाऊन परत यायला किती वेळ लागतो, ती लेटन्सी. आज कमी वेळ, उद्या जास्त वेळ असा जो बेभरवसा, तो जिटर. आणि जी गाडी निघाली पण पोचलीच नाही, तो पॅकेट लॉस.

सिनेमा डाउनलोड करायचा असेल तर सीट जास्त लागतात. पण व्हिडिओ कॉल, ऑनलाइन परीक्षा, बीजीएमआय यांना सीट कमी लागतात, गाडी मात्र वेळेवर लागते. म्हणून तर गेम खेळणारी पोरं स्पीड विचारत नाहीत, "पिंग किती येतोय?" असं विचारतात.

हा 'पिंग' शब्दही जुनाय. अमेरिकन लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधणारं सोनार आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी परत यायची वाट बघतं, तसंच हे. म्हणून नावही सोनारच्या आवाजावरून ठेवलं.

आता थोडं गणित. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १,००० किलोमीटरला जाऊन येऊन १० मिलिसेकंद. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे ७२ मिलिसेकंद तर कुणालाच चुकत नाहीत. केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळं प्रत्यक्षात आकडा शंभरी ओलांडतो.

तोच डेटा तांबडा समुद्र सोडून सिंगापूर आणि लॉस एंजलिसमार्गे लंडनला न्यायचा झाला, तर अंतर होतं जवळपास २७,००० किलोमीटर. म्हणजे कमीत कमी २७० मिलिसेकंद. तुम्ही १०० चा प्लॅन घ्या नाहीतर ५०० चा, हे अंतर कमी होत नाही.

मग पकडायचं कसं?

एकदा पिंग मारून काही कळत नाही. दोन टोकं ठरवायची आणि त्यांच्यामधली लाइन दिवसरात्र मोजत राहायची. यासाठी स्मोकपिंग नावाचं फुकट टूल आहे. स्वित्झर्लंडच्या टोबी ओटिकर यांनी बनवलेलं हे टूल जगभरातले नेटवर्कवाले वर्षानुवर्षं वापरतायत. जुना लिनक्स लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय एवढ्यावर ते चालतं.

मूळ सेटिंगमध्ये ते दर ३०० सेकंदांनी २० पिंग पाठवतं. मधला आकडा रेघेनं दाखवतं आणि बाकीचे वरखाली झालेले आकडे त्या रेघेभोवती धुरासारखे पसरतात. धूर जितका दाट आणि उंच, तितका जिटर जास्त. पिंग हरवले की रेघेचा रंग बदलतो.

खरा खेळ आहे टार्गेट निवडण्याचा. इथं एक नाही, तीन टार्गेट टाका.

पहिलं, तुमच्या घरातला राउटर.

दुसरं, तुमच्या इंटरनेट कंपनीचं पहिलं गेटवे. विंडोजवर 'ट्रेसर्ट' कमांड मारली की राउटरनंतर जो पत्ता दिसतो, तो बहुतेक वेळा हाच असतो.

तिसरं, तुमचं खरं काम जिथं चालतं तो सर्व्हर. ऑफिसचा असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. परक्याच्या सर्व्हरवर दिवसरात्र पिंग मारत बसणं बरं नाही.

आता तिन्ही आलेख एकाखाली एक ठेवून बघा.

राउटरचीच रेघ नाचतीय? मग दोष घरातल्या वायफायचा. कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, राउटरची जागा बदला.

राउटर शांत, पण दुसरी रेघ रोज संध्याकाळी सात ते अकरा नाचतीय? मग घरापासून कंपनीपर्यंतच्या लाइनवर गर्दी आहे किंवा लाइनच खराब आहे. ही तक्रार कंपनीकडंच जाते. फक्त त्या वेळेत घरातलं कुणी मोठं डाउनलोड लावून बसलंय का, ते आधी बघून घ्या. कारण आपलीच लाइन भरली तरी हेच चित्र दिसतं.

पहिल्या दोन शांत आणि तिसरीच उडाली? मग अडचण पुढं आहे. कंपनीनं बाहेर जायला निवडलेला रस्ता, समुद्रातली केबल किंवा पलीकडचा सर्व्हर. इथं राउटर बदलून काही होणार नाही.

यात गडी कुठं फसतात?

पहिली चूक म्हणजे ८.८.८.८ ला पिंग मारून "परदेशातलं नेट ओके आहे" म्हणणं. गूगलचा हा पत्ता एकच असला तरी त्यामागं जगभर सर्व्हर आहेत. तुम्हाला उत्तर बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर देतो. त्यावरून लंडनचा रस्ता कळत नाही.

दुसरी चूक, मोजणारं मशीन वायफायवर ठेवणं. मग वायफायचा गोंधळ तिन्ही आलेखांत मिसळतो आणि बाहेरचा दोष वेगळा दिसत नाही. मशीन राउटरला तारेनं जोडा. घरातलं वायफाय तपासायचं असेल, तर ते वेगळं तपासा.

तिसरी, मधल्या राउटरवर पॅकेट लॉस दिसला की लगेच ओरडणं. अनेक राउटर पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम समजतात आणि मुद्दाम कमी उत्तरं देतात. शेवटच्या टोकाला लॉस नसेल, तर मधल्या लॉसला सहसा अर्थ नसतो.

चौथी चूक वेळेची. ३०० सेकंदांतले काहीच सेकंद पिंग जातात, बाकी वेळात काय झालं ते आलेखात येत नाही. कॉल अर्धा मिनिट तुटत असेल तर तो निसटू शकतो. त्यामुळं स्टेप ६० सेकंदांवर आणा. पण हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण नंतर स्टेप बदलली की जुनी डेटा फाईल चालत नाही, नव्यानं सुरुवात करावी लागते.

आणि हो, जसजसे दिवस जातात तसतसे हे टूल जुने आकडे सरासरीत गुंडाळतं. तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी आलेखाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एवढा कुटाणा नको असेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, त्यापुढं पत्ता आणि शेवटी डॅश टी लिहा. बंद करेपर्यंत मोजणी चालू राहते. दोन खिडक्या उघडून एकीत राउटर आणि दुसरीत ऑफिसचा सर्व्हर ठेवला, तरी घरातलं दुखणं की बाहेरचं, एवढं कळतं.

पण हे सगळं आपण का करायचं?

कारण नियम सरासरीवर चालतात. ट्रायनं २००६ च्या ब्रॉडबँड नियमांतच लेटन्सीची मर्यादा घातली होती. देशातल्या गेटवेपर्यंत १२० मिलिसेकंदांच्या आत आणि परदेशातल्या जवळच्या नोडपर्यंत समुद्री केबलनं ३५० च्या आत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले आणि त्यात लेटन्सीसोबत जिटर आणि पॅकेट ड्रॉपही मोजायचं ठरलं. पण कंपनीचा अहवाल अख्ख्या नेटवर्कचा असतो. त्यात तुमच्या घरातले सात ते अकरा दिसत नाहीत.

नव्या नियमांत जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यायची तरतूद आहे. तुमचं नेट मात्र बंद नसतं, ते रडतखडत चालू असतं. इथंच ग्राहक अडकतो. नेट बंद आहे हे कुणालाही दिसतं, खराब आहे हे दाखवून द्यावं लागतं.

"नेट स्लो आहे" ही तक्रार रिस्टार्ट करा म्हणून बंद होते. पण "गेले सात दिवस संध्याकाळी सात ते अकरा, माझा राउटर शांत असताना तुमच्या गेटवेपर्यंत पाच टक्के पॅकेट हरवतायत" असं आलेखासकट लिहिलं, की समोरच्याला ते तांत्रिक टीमकडं पाठवावं लागतं. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. वैयक्तिक तक्रारी ट्राय स्वतः सोडवत नाही, त्यामुळं पहिली लढाई इथंच असते.

आणि आलेखात दोष तिसऱ्या टप्प्यावर निघाला, तर तो क्लायंटला दाखवा. फेब्रुवारी २०२४ मध्येही तांबड्या समुद्रातल्या तीन केबल तुटल्या होत्या. हुथींच्या हल्ल्यानंतर सोडून दिलेलं रुबीमार जहाज नांगर ओढत वाहत गेलं आणि त्यातच त्या तुटल्या असाव्यात, असं अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. अशा वेळी घरून काम करणाऱ्या पोराला "तुझ्याकडचं नेट बेकार आहे" हे ऐकून घ्यायची गरज नाही. नांगर जेद्दाजवळ घासला आणि पगार पुण्यात कापला, असं व्हायला नको.

त्यामुळं पुढच्या वेळी नेट अडकलं की स्पीड टेस्ट मारायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा, मला जायचंय कुठं? मग तिथपर्यंतचा रस्ता मोजा. तुमच्याकडं संध्याकाळी पिंग किती येतोय, कमेंटमध्ये सांगा. फक्त कुठून कुठंपर्यंत मोजला, तेही लिहा.