दाढ एकाची, दर दुसऱ्याचा

दाढ किडली की आपण आधी खिसा चाचपतो, मग डॉक्टर गाठतो. त्यामुळे अमेरिकेतल्या दंतविम्याचे मला फार कौतुक वाटे. मॅसॅच्युसेट्समधली माझी मावशी दातांच्या दवाखान्यात हिशेब लिहिते. तिने ते उतरवले. विमा कंपनी डॉक्टरांशी करार करून दर बांधून घेते. हे समजण्यासारखे आहे. परंतु पुढे तोच करार ती दुसऱ्या कंपनीला भाड्याने देते आणि डॉक्टरला न विचारताच त्याच्या कामाचा दर उतरतो! बैल आपला, भाडे तिसऱ्याच्या खिशात. काही राज्यांनी आता कायदाच केला आहे : आधी कळवा, नकाराची मुभा द्या.

मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ साली मतदारांनी आणखी एक कौल दिला. हप्त्यांच्या शंभर डॉलरांतले किमान ८३ उपचारांवर व सेवेच्या सुधारणेवर खर्च व्हावेत, कमी पडल्यास फरक ग्राहकांना परत करावा. सुमारे ७१ टक्के मते बाजूने पडली. दाढेमागे डॉक्टरला किती मिळावे, हे मात्र त्यात नाही. मला ही उणीव मोठी वाटते. आमचे अर्थशास्त्रवाले मित्र म्हणतील, सरकारने व्यापारात नाक खुपसू नये. त्यांनी मावशीला विचारावे. तिचे डॉक्टर कंटाळून एका कंपनीच्या यादीतून बाहेर पडले. त्यांचे जुने रुग्ण हप्ताही भरतात आणि वरचे पैसेही.